स्वभावाचे कारण आणि दोन डबे

कोथरूडमधील आमच्या सोसायटीत ओला आणि सुका कचरा वेगळा करून घेण्याचे काम समितीने माझ्याकडे सोपवले, तेव्हा बहुतेक सभासदांनी मला एकच गोष्ट ऐकवली की माणूस मुळातच स्वार्थी असतो आणि दंड बसल्याशिवाय तो ऐकत नाही. या मताला वैचारिक आधारही आहे. सामायिक कुरणावर प्रत्येक गुराखी स्वतःच्या लाभासाठी एकेक जनावर वाढवत जातो आणि शेवटी कुरणच उजाड होते, असे अमेरिकी पर्यावरणतज्ज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडले होते. पुढे एलिनॉर ऑस्ट्रम यांनी स्वित्झर्लंडमधील डोंगरी कुरणे आणि स्पेनमधील पाटपाण्याच्या व्यवस्था अभ्यासून दाखवून दिले की स्वतः ठरवलेले नियम लोक पिढ्यान्‌पिढ्या पाळतात. त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मला ऑस्ट्रम यांचे म्हणणे पटलेले असल्यामुळे दंडाचा ठराव लगेच आणू नये, असा आग्रह मी धरला.

वर्गीकरण २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बंधनकारक केलेलेच होते, परंतु नुसत्या सूचनेने काही हलले नाही. म्हणून आमच्याकडे येणाऱ्या कचरावेचक ताईंना सभेत बोलावून त्यांना बोलू दिले. सुका माल विकून येणारे पैसे हे त्यांचे हक्काचे उत्पन्न आहे, आमटीत भिजलेल्या कागदाला मात्र भंगारात भाव मिळत नाही आणि न गुंडाळलेले सॅनिटरी पॅड त्यांना हाताने वेगळे काढावे लागतात, हे त्यांनी कोणताही आवाज न चढवता सांगितले. पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची पद्धत त्याच सभेत एकमताने ठरली. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नये, कारण तो एवढासा तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही, हेही ताईंनीच शिकवले.

तरीही काही घरांतून सरमिसळ कचरा येतच राहिला. मी त्या घरी जाऊन विचारले तेव्हा कारणे अगदी साधी निघाली: एका स्वयंपाकघरात दुसरा डबा ठेवायला खरोखरच जागा नव्हती, तर दुसरीकडे कचरा बाहेर ठेवणाऱ्या मावशींना नवी पद्धत कोणी सांगितलीच नव्हती. ज्याला आपण माणसाचा स्वभाव म्हणून मोकळे होतो, त्यातला किती भाग अशा अडचणींचा असतो, हे तपासल्याशिवाय दंडाची भाषा करणे मला अन्यायाचे वाटते. पहिल्या घरी ओट्याखाली टांगायची पिशवी पुरली आणि मावशींशी मी स्वतः बोललो. दंडाची तरतूद आम्ही नंतर केली, पण आधी तोंडी विनंती आणि मग लेखी पत्र, अशा क्रमाने.

वेफर्सच्या पाकिटांपुढे मात्र आमचे काही चालत नाही. प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असल्यामुळे ती भंगारात कोणी घेत नाही, आणि ही जबाबदारी घराघरांवर न टाकता उत्पादकांनीच उचलली पाहिजे.