पेन म्हटलं आणि पोरांनी बेन लिहिलं

कॅम्पच्या पहिल्याच दिवशी डिक्टेशन घेतलं. पेन, टेन, कॅट, बॅग असे सोपे दहा शब्द. तेहतीस वर्षं सांगली जिल्ह्यात हायस्कूलला इंग्रजी शिकवून रिटायर झालेय मी, दहा शब्दांचं डिक्टेशन म्हणजे हातचा मळ. वह्या गोळा केल्या तर बावीसपैकी सतरा पोरांनी पेनला बी-ई-एन लिहिलेलं, टेनला डी-ई-एन आणि कॅटला जी-ए-टी. एक-दोघांचं चुकलं असतं तर सोडून दिलं असतं, पण सगळ्या वर्गाची एकच चूक निघते तेव्हा ती पोरांची नसते, एवढं इतक्या वर्षांत कळलंय. रात्री झोप लागली नाही मला त्या वह्यांमुळं.

आता हे कुठलं आणि मी तिथं कशी, ते सांगते, कारण गेल्या सहा महिन्यांत किमान वीस जणांनी विचारलंय.

जुलै २०२४ मध्ये मी तैवानला गेले होते, तीन आठवडे. तैवानच्या पूर्व किनाऱ्यावर तैतुंग म्हणून भाग आहे, राजधानी तैपेईहून रेल्वेनं चारएक तास, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला पॅसिफिक महासागर. तिथल्या एका लहान प्राथमिक शाळेत उन्हाळी सुट्टीतला इंग्लिश कॅम्प होता, दोन आठवडे पोरांना शिकवायचं आणि शेवटचा आठवडा आसपासच्या शिक्षकांचं ट्रेनिंग. पगार नाही. राहणं-जेवण त्यांचं, तिकीट आपलं. अक्का म्हणाली, "अगं एवढं चीनला जाऊन फुकट शिकवायचं, त्यापेक्षा हितं गल्लीतली पोरं गोळा कर की." तिला म्हटलं अक्का, तैवान वेगळं, भाषा चिनी आहे एवढंच, आणि सोलापूरचे डॉक्टर कोटणीस १९३८ साली चार डॉक्टरांबरोबर चीनला गेले ते काय पगार बघून गेले होते का. त्यांच्याशी माझी बरोबरी नाहीच, पण आपल्या भागातल्या माणसानं तिकडं जाऊन हाताला येईल ते काम करणं ही काय नवीन गोष्ट नाही एवढंच मला सांगायचं होतं. शेवटी तिनंच जाताना भडंगाचं दोन किलोचं पाकीट बांधून दिलं.

तर वह्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शाळेतल्या बाईंना दाखवल्या. तिथं शिक्षकाला लाओशी म्हणतात, आपल्याकडं पोरं बाई किंवा सर म्हणतात तसं, मग बाई असो की सर. या लाओशी पन्नाशीच्या, शांत, आणि आमची ओळख झाली तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, सॉरी माय इंग्लिश इज नॉट गुड. त्यांनी वही बघितली, मला परत पेन म्हणायला लावलं, आणि काही न बोलता पहिलीच्या वर्गात घेऊन गेल्या. भिंतीवर मोठा तक्ता. चिनी चित्रलिपीतली अक्षरं शिकायच्या आधी तैवानची पोरं पहिले दहाएक आठवडे उच्चाराची ३७ चिन्हं शिकतात, त्याचा तो तक्ता. त्या बोट ठेवून म्हणायला लागल्या आणि मी ऐकत राहिले, पो, फो, मो, मग त, थ, न, ल, मग क, ख, ह.

ही तर आपली वर्णमाला की! आपली घशापासून सुरू होते, क ख ग घ करत ओठांपर्यंत येते. त्यांची ओठांपासून सुरू होऊन आत जाते. पण जोड्या त्याच, हवा न सोडता एक आणि हवा सोडून एक. प आणि फ. त आणि थ. क आणि ख. फक्त ब, द, ग त्यांच्याकडं नाहीत, आपल्याला वाटतात तसे तरी नाहीत. रोमन अक्षरांत चिनी लिहितात तेव्हा जिथं बी लिहितात तिथं उच्चार आपल्या प च्या जवळचा, आणि जिथं पी लिहितात तिथं हवा सोडलेला फ.

आता इंग्रज माणूस पेन म्हणतो तेव्हा तो प वर चांगली हवा सोडतो, म्हणजे फेन म्हणतो म्हणा ना. आपण मराठी माणसं कोरडा प म्हणतो. तो कोरडा प त्या पोरांच्या कानाला बी वाटला आणि त्यांनी अगदी प्रामाणिकपणे बी लिहिला. आणि मला आदल्या दिवसापासून वाटत होतं की पोरं बॅगला पॅग का म्हणतात, तर ती त्यांच्या हिशेबानं बी-च म्हणत होती. पोरांचे कान एकदम बरोबर होते, माझेही बरोबर होते, मधली रेघ फक्त वेगळ्या ठिकाणी मारलेली.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, तिथंच त्या पहिलीच्या वर्गात. कारण आपल्याकडं दोन्ही रेघा आहेत. प, फ, ब, भ चारही आहेत. म्हणजे मराठी माणूस त्या पोरांना दोन्ही बाजू तोंडानं करून दाखवू शकतो, नीट समजून घेतलं तर. फ चा मात्र सराव करावा लागला मला, कारण हल्ली आपण फळ, फूल म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लावतो, इंग्रजीतल्या एफ सारखं. माझी आजी, कवठेमहांकाळकडची, दोन्ही ओठ मिटून फणस म्हणायची, तो खरा फ. तिचा तो फणस आठवून आठवून मी आरशासमोर पेन म्हणत बसले.

मग कागदाच्या पट्ट्या केल्या. वहीचा कागद, दोन बोटं रुंद, वीतभर लांब. ओठांसमोर धरायची. पी म्हटलं की पट्टी उडाली पाहिजे, बी म्हटलं की जागची हलता कामा नये आणि गळ्यावर ठेवलेल्या बोटांना थरथर लागली पाहिजे. पोरं वेडी झाली त्या पट्ट्यांना. एक चौथीतली मुलगी, आठवडाभर तोंडातून शब्द न काढलेली, जेवणानंतर सगळे बाकावर डोकं टेकून झोपतात तेव्हा (तिथं दुपारची झोप टाइमटेबलात असते, मला फार आवडलं ते) हळूच पट्टी धरून पुटपुटत होती. पिग, बिग, पिग, बिग. पट्टी उडाली की थांबायची, बघायची, परत म्हणायची. मी डोळे मिटून घेतले, तिला कळू नये म्हणून की मी बघतेय.

बाकी कॅम्पमध्ये गाणी, खेळ, बिंगो, चित्रं हे सगळं होतंच, त्याबद्दल फार लिहीत नाही, सगळीकडं तेच असतं. मला लिहायचंय ते तिसऱ्या आठवड्याबद्दल.

ट्रेनिंगला चौदा शिक्षक आले होते, त्यात मूळचे इंग्रजीचे थोडेच, बाकीचे वर्गशिक्षक. तैवान सरकारनं २०१८ साली जाहीर केलं की २०३० पर्यंत देश द्विभाषिक करायचा, त्यामुळं इतर विषयसुद्धा थोडे इंग्रजीतून शिकवा असा रेटा आलाय, आणि ज्याला स्वतःलाच इंग्रजी बोलायची भीती वाटते त्यानं काय करायचं. हे चेहरे मला ओळखीचे होते. आपल्याकडं २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हा गटसाधन केंद्रात, म्हणजे शिक्षकांच्या ट्रेनिंगच्या जागी, असेच चेहरे बसलेले होते, चांगले चांगले शिक्षक, गणित असं शिकवायचे की बघत राहावं, आणि इंग्रजीचं पुस्तक हातात आलं की आवाज खाली जायचा. वरून आलेला सुलभक, म्हणजे ट्रेनिंग देणारा, भराभर इंग्रजीत बोलून जायचा, चहा बिस्किट व्हायचं, सह्या व्हायच्या, आणि शाळेत परत पहिले पाढे पंचावन्न.

म्हणून मी पहिल्या दिवशी त्यांना सांगितलं की माझी आई इंग्रजी बोलत नव्हती, मी ए-बी-सी-डी पाचवीत पहिल्यांदा बघितली आणि कॉलेजात जाईपर्यंत इंग्रजीत एक अख्खं वाक्य बोलले नव्हते. खोलीतली हवाच बदलली. मग चुकांवर बसलो आम्ही. त्यांची पोरं आईबद्दल इंग्रजीत बोलताना शीच्या (she) जागी ही (he) म्हणतात, कारण चिनी बोलताना तो आणि ती दोन्हीला एकच ता. काल गेलो म्हणायला आय गो यस्टरडे म्हणतात, कारण त्यांच्याकडं क्रियापद काळाप्रमाणं बदलतच नाही. माझी पोरं आय ॲम गो म्हणायची, त्याचं कारण वेगळं. दोघांनाही इंग्रजीतला द (the) कुठं लावायचा कळत नाही, कारण दोघांच्या भाषेत तो नाहीच. मला मनापासून वाटतं की चूक आईच्या भाषेतून येते हे शिक्षकाला कळलं की त्याचा पोरावर ओरडायचा सूर जातो, स्वतःवर ओरडायचा पण जातो. लाओशींनी शेवटच्या दिवशी बाकीच्या शिक्षकांसमोर पट्टीचा पाठ स्वतः घेतला, वीस मिनिटं, आणि एकदाही सॉरी म्हणाल्या नाहीत.

मधे दोन दिवस सगळं बंद होतं. २४ जुलैला गेमी नावाचं मोठं वादळ आलं. तिथं वादळाची सुट्टी आदल्या संध्याकाळीच जाहीर होते, शाळा, ऑफिसं सगळं बंद. मी लाओशींच्या घरी, खिडक्या गच्च लावलेल्या, बाहेर वाऱ्याचा नुसता घुमारा. आणि त्याच वेळी इकडं कृष्णा वाढत होती. अक्का सांगलीवाडीला राहते. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका हे आकडे आमच्याकडं लहान पोरालाही पाठ असतात, आणि २०१९ च्या पुराचे ५७ फूट कोण विसरणार. मी दर तासाला फोन लावतेय, अक्का म्हणतेय अजून रस्त्यावर नाही आलं, तू तुझं वादळ बघ. लाओशींना भाषा कळली नाही पण पाण्याचं आहे हे कळलं, त्यांनी माझ्यासमोर सीताफळ फोडून ठेवलं. तैतुंगचं सीताफळ नावाजलेलं, केवढं मोठं असतं! त्याला शिच्या म्हणतात, शाक्यमुनीतला शाक्य, कारण ते बुद्धाच्या डोक्यावरच्या केसांच्या गाठींसारखं दिसतं. त्या रात्री आम्ही दोघींनी बिया ताटलीत टाकत टाकत उरलेल्या ट्रेनिंगचा आराखडा केला. पाणी अक्काच्या घरात शिरलं नाही.

आता ज्यांना जायचंय त्यांना माझं स्पष्ट मत. नुसत्या पोरांच्या कॅम्पला जाऊ नका. दोन आठवडे परदेशी पाहुणी येते, गाणी म्हणते, फोटो काढते, जाते, आणि शाळेतल्या शिक्षकाला वाटतं आपल्याकडून हे व्हायचं नाही. विचारा, शिक्षक वर्गात बरोबर असणार का? नंतर त्यांच्यासोबत वेळ आहे का? नसेल तर दुसरा कॅम्प बघा. व्हिसा माझ्या वेळी दिल्लीच्या तैपेई इकॉनॉमिक अँड कल्चरल सेंटरमधून करावा लागला, त्यांचं मुंबईचं ऑफिस ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालं, आपल्या भागाला सोयीचं झालं ते. शाकाहारी असाल तर घाबरू नका, पाटीवर स्वस्तिक दिसलं की ते शाकाहारी खाणावळीचं चिन्ह, आपल्या स्वस्तिकाच्या उलट दिशेचं पण लांबूनच ओळखू येतं. आणि जायच्या आधी त्यांचा उच्चारांचा तक्ता शिका, मी तो आल्यावर शिकतेय, उलटं झालं.

तो तक्ता स्वयंपाकघरात फ्रिजवर लावलाय. २१ व्यंजनं झाली, त्यात एक च चोरातला आहे आणि एक चिंचेतला, मराठी माणसाला ते वेगळे सांगावे लागत नाहीत. स्वर चाललेत. दर बुधवारी साडेसहाला लाओशींचा व्हिडिओ कॉल असतो, त्यांच्याकडं रात्रीचे नऊ वाजलेले असतात. त्या मला तक्ता म्हणायला लावतात आणि मी त्यांच्या पुढच्या आठवड्याच्या पाठाचं बघते. गेल्या वेळी त्यांनी तिसरीच्या वर्गाचा व्हिडिओ पाठवला होता, सगळ्यांच्या हातात पट्ट्या. आजही बुधवार आहे, सव्वासहा झालेत, भाजी गॅसवर आहे.