डब्याची गाडी

साताऱ्यात माणसाला आधी गाव विचारतात, मग आडनाव, आणि वेळ उरलाच तर नाव. एफवायला असताना मला त्यातल्या पहिल्याच प्रश्नाची धास्ती असायची. माण तालुका म्हटलं की समोरची हमखास म्हणायची, "म्हंजे दुष्काळी भाग की!" यावर काय बोलतात ते मला सुचायचं नाही. हो म्हणावं तर लाज वाटे, नाही म्हणावं तर खोटं. म्हणून मी "दहिवडीच्या पुढं" एवढंच सांगून गप्प बसायचे. त्याचा उपयोग शून्य. माझ्या डब्याच्या झाकणावर चुलत्यांनी निळ्या ऑइलपेंटनं गावाचं नाव लिहून ठेवलं होतं, ट्रॅक्टरच्या मागं लिहितात तेवढ्या अक्षरात.

डबा एसटीनं यायचा. पहाटे घरी चूल पेटायची, धाकटा भाऊ फाट्यावर जाऊन पहिल्या गाडीत पिशवी द्यायचा. ड्रायव्हरच्या बाजूला बॉनेटभोवती अशा पिशव्यांचा ढीग असायचा. गाडी साताऱ्याच्या स्टँडात लागली की आपली पिशवी ओळखून घ्यायची आणि कालचा रिकामा डबा परतीसाठी तिथंच ठेवायचा. पिशव्या सगळ्यांच्या सारख्याच, खताच्या पोत्यातून शिवलेल्या, त्यामुळे ओळखायची ती गाठीवरून. आमच्या आईची गाठ अशी की ती सुटेपर्यंत भूक मरायची.

कॉलेजचं खरं भय अभ्यासाचं नव्हतं. शाळेत एक दिवस गेलं नाही तर बाई कुणाला तरी घरी पिटाळायच्या. इथं आठवडाभर उगवलं नाही तरी कुणाचं काही अडत नव्हतं. ही मोकळीक ज्यांना मानवते त्यांना मानवते, मला ती अंगावर यायची. दोन तासांच्या मध्ये कुठं उभं राहायचं हेच कळायचं नाही. ग्रंथालयात बसावं तर अभ्यासू म्हणतील, झाडाखाली थांबावं तर कुणाची वाट बघतेय असं वाटेल. मी बऱ्याचदा नोटीस बोर्ड वाचत उभी राहायचे. परीक्षा विभागाची परिपत्रकं त्या काळात माझ्याइतकी लक्ष देऊन कुणी वाचली नसतील.

त्यात जुलैचा पाऊस. एकच जिल्हा, पण महाबळेश्वरला वर्षाकाठी ५००० मिलीमीटरच्या वर पडतो आणि आमच्याकडं ५०० च्या आसपास आला तरी लोक समाधानी. सातारा या दोन्हींच्या मध्ये. अजिंक्यतारा दिवसेंदिवस ढगात, खोलीवरचे कपडे चार-चार दिवस ओले. पावसाची वाट बघत वाढलेल्या मुलीनं पावसाला कंटाळावं, हे घरी सांगायची सोय नव्हती. फोनवर वडील पहिलं विचारायचे, "तिकडं पडतोय का?" आणि मी अपराध्यासारखी "पडतोय" म्हणायचे.

रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला बॅच आडनावावरून पडली. माझ्या वाट्याला जावळीची एक मुलगी आली. टायट्रेशनमध्ये फिनॉल्फ्थॅलीनचा फिका गुलाबी रंग आला की थांबायचं असतं. एक थेंब जास्त पडला की रंग भडक होतो आणि रीडिंग गेलं. तिचा हात स्थिर, माझा थरथरता. ब्युरेट तिनं धरायचा, आकडे मी लिहायचे, असं न बोलता ठरलं. न बोलताच महिना गेला.

बोलणं सुरू झालं ते स्टँडवर. एका सकाळी दोघींच्याही गाड्या रखडल्या होत्या. भुकेलं माणूस फार वेळ परकं राहू शकत नाही, निदान साताऱ्यात तरी नाही. "तुझ्यात काय असतंय?" तिनं विचारलं. मी म्हटलं, बाजरीची भाकरी, मटकी, नाहीतर हुलग्याचं माडगं. तिनं माडगं खाल्लेलंच नव्हतं. मी नाचणीची भाकरी खाल्लेली नव्हती. त्या दिवसापासून लेडीज रूममधल्या एका बाकावर डबे एकत्र उघडू लागले. कोरेगावची एक आली, तिच्याकडं वाघ्या घेवड्याची आमटी. पाटणची आली, ती भाताशिवाय जेवायची नाही. गावातल्या दोघी चपाती आणि बटाट्याची भाजी आणायच्या, त्यांच्या चपात्या आमच्यात आधी संपायच्या. भूगोलाच्या पुस्तकात पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणून जे घोकलं होतं ते इथं झाकणं उघडली की समोर दिसायचं.

हे त्याच गावात चाललं होतं जिथं १९२४ साली भाऊराव पाटलांनी वेगवेगळ्या जातींच्या पोरांना एका वसतिगृहात ठेवून एका पंगतीला बसवलं. पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. तेव्हा ते बंड होतं. आमच्या बाकाकडं कुणी वळूनही बघत नव्हतं, हे त्याच बंडाचं देणं. तरी गावामागोमाग आडनाव विचारलं जायचंच, आणि ते कशासाठी हे आम्हा सगळ्यांना कळायचं, हेही लिहायला हवं.

माझी भाची यंदा एफवायला आहे. मेजर, मायनर, क्रेडिट अशा शब्दांत ती बोलते आणि मेसमध्ये मोबाईल बघत जेवते. तिला मी एसटीच्या डब्याचं सांगितलं तर तिनं विचारलं, "आमटी सांडायची नाही?" सांडायची की. वह्यांना वास यायचा.

दिवाळीनंतर माझ्या डब्यात दोन भाकरी जास्त यायला लागल्या, जावळीवालीच्या नावाच्या. मग तिच्या आईनं नव्या तांदळाची पिशवी साताऱ्यात पाठवली, ती मी दहिवडीच्या गाडीत चढवली. दोघी आयांनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. पण डब्यांतून चिठ्ठ्या जायला लागल्या. जावळीहून विचारणा आली की माडग्याला हुलगे भाजून घेता की कच्चेच दळता. आईनं पानभर उत्तर लिहिलं आणि खाली तक्रार घातली: तांदूळ चांगला आहे, पण चिकट होतो, पाणी किती घालता ते नीट कळवावे. त्यावर तिकडून आलेलं उत्तर आईला पटलं नाही. एसवायच्या दुसऱ्या सत्रापर्यंत त्या पाण्यावरून वाद चालू होता आणि चिठ्ठ्या पोचवून पोचवून आम्ही दोघी कंटाळून गेलो होतो.