‘ओतों’ आणि रोमची रहदारी

फिल्म सोसायटीच्या खेळाआधी हॉलचा आवाज तपासायचं काम माझ्याकडे असतं. त्या दिवशी झां-मारी स्त्रोब आणि दानिएल उइये या दिग्दर्शक जोडीचा ‘ओतों’ हा चित्रपट होता. फ्रेंच नाटककार कोर्नेयचं 1664 चं शोकनाट्य त्यांनी 1969 मध्ये रोमच्या पॅलेटाइन टेकडीवर 16 मिलिमीटरवर चित्रित केलं. टोगा (प्राचीन रोमन झगा) घातलेली माणसं फ्रेंच पद्य भराभर बोलतात, टेकडीखाली गाड्या धावत असतात. आवाज सगळा जागेवरच घेतलेला, डबिंग नाही.

फाईल लावली आणि सुरुवातीलाच कान टवकारले. पात्र बोललं की घरघर येते, थांबलं की स्मशानशांतता. कुणीतरी डिनॉइज, म्हणजे गोंगाट काढायची प्रक्रिया, मारलं होतं! त्यात गोंगाटाचा एक नमुना घेऊन तो सगळ्या ट्रॅकमधून वजा करतात. एसीच्या आवाजाला हे चालतं, तो बदलत नाही. रहदारी क्षणाक्षणाला बदलते. शिवाय स, श, फ यांची धार साधारण 4 ते 8 किलोहर्ट्झमध्ये असते, तीच छाटली गेली होती. या पद्याची ओळ बारा अक्षरांची, सहाव्यानंतर यती. बरेच नट इटालियन, कुठे थांबायचं ते तालमीत पक्कं केलेलं. त्या प्रत्येक थांब्याला भोक पडलं होतं.

त्याहून वाईट हाल सांध्यांचे. एरवी शॉट बदलला तरी खालून एकच ॲम्बियन्स (आजूबाजूचा आवाज) चालू ठेवतात, म्हणजे सांधा लपतो. या चित्रपटात मात्र शॉटबरोबर त्याचाच आवाज तुटतो. कट झाला की रहदारीचा पोत बदलतो, वारा गायब होतो. बागेतल्या दृश्यात कारंजं बोलण्यावर चढतं, तेही मुद्दाम ठेवलेलं. डिनॉइजने हे सगळे फरकच पुसले होते. आवाज म्हणजे संवाद, बाकी कचरा, असं डबिंगवर पोसलेल्या आपल्या कानांना वाटतं. यात दोष एकट्या त्या तंत्रज्ञाचा नाही.

मूळ फाईल मागवली. मोनो (एकपदरी) ट्रॅक फक्त मधल्या स्पीकरला दिला. डावी-उजवीकडे वाटला तर कडेच्या खुर्च्यांवर व्यंजनं पुसट होतात. वेग सेकंदाला 24 फ्रेम असल्याची खात्री केली. 25 ने चालवलं तर बोलणं चार टक्के घाईत जातं, सूरही चढतो. आवाजाची पातळी बोलण्यावरून न ठरवता कारंज्यावरून ठरवली. ते बोचलं नाही की बाकी सगळं नीट बसतं.

एक प्रश्न अजून डोक्यात आहे. 1970 च्या हॉलमधले स्पीकर फार खालचा खर्ज देतच नव्हते. आजचे 40 हर्ट्झची घरघर थेट छातीत पोचवतात. मग 80 हर्ट्झच्या खालचं कापावं का? ती घरघर टेपवर असेलही, पण त्या वेळच्या प्रेक्षकाला ती ऐकू आली नसणार. त्या खेळाला मी कापलं नाही. जुनी प्रिंट हाताशी आली की प्रिंट आणि फाईल दोन्ही लागोपाठ ऐकून बघणार आहे.