आवाज बंद करून बघितलेली रीमा लागू

बुधवार, रात्रीचे पावणेबारा

नाशिकला दिवसभर पाऊस. गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत आलं म्हणून सगळ्या ग्रुपवर फोटो फिरतायत. त्यात आमची तालीम, सोसायटीच्या हॉलमध्ये. गणपतीत सासू-सुनेची एकांकिका करतोय आणि सासू मी आहे.

आज मी डोळे मोठे केले, आवाज किनरा काढला, हात नाचवले, समोरचे हसले पण. पण सुनेचं काम करणारी पोरगी तिची वाक्यं म्हणत होती तेव्हा मी काय करत होते, तर माझं पुढचं वाक्य मनात घोकत होते. ते खटकलं. घरी येईपर्यंत डोक्यात तेच.

जेवणं झाल्यावर यूट्यूबवर 'तू तू मैं मैं' या सासू-सुनेच्या हिंदी मालिकेचा एक जुना एपिसोड लावला, त्यात रीमा लागू सासू. शेजारी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, वय 83. कानातलं मशीन रात्री काढून ठेवतात, आणि आत नातू झोपलेला म्हणून मी आवाज अगदी बारीक केलेला, म्हणजे त्यांना एक अक्षर ऐकू येत नव्हतं. तरी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी कानाशी जाऊन विचारलं, आई, काय कळलं? तर म्हणाल्या, "अगं ऐकायला कशाला हवंय, तिला राग आलाय आणि ती गिळतेय, दिसतंय की."

मग मी आवाज पूर्ण बंद केला आणि तोच एपिसोड पहिल्यापासून बघितला. खरंच दिसतं हो. सून झालेली सुप्रिया पिळगावकर बोलत असते तेव्हा रीमा लागू तिचं ऐकत असते, नुसती आपल्या वाक्याची वाट बघत उभी नसते. मान जराशी तिरकी होते, ओठ मिटतात, नजर एकदा मुलाकडे जाऊन परत सुनेकडे येते आणि मगच तोंड उघडतं. हसवायची घाई कुठेच नाही. तिची देवकी मनापासून चिडलेली असते, तिचं घर, तिचा मुलगा, तिचं स्वयंपाकघर हातातून जातंय असं तिला खरंच वाटत असतं, आणि म्हणूनच आपल्याला हसू येतं.

हे सुरू झालं 1994 ला, आधी दूरदर्शनच्या मेट्रो चॅनेलवर आणि मग स्टार प्लसवर, दिग्दर्शन सचिनचं. रीमाचा जन्म 1958 चा आणि सुप्रियाचा 1967 चा, म्हणजे सासू सुनेपेक्षा फक्त 9 वर्षांनी मोठी! तरी सासूपण एकदाही खोटं वाटलं नाही. 1994 लाच 'हम आपके हैं कौन'मध्ये ती माधुरीची आई होती. 'श्रीमान श्रीमती' पण त्याच काळातलं, तिथे ती कोकी. नवरा शेजारच्या सिनेमानटीवर लट्टू, त्या नटीचा घर सांभाळणारा नवरा कोकीवर लट्टू, जतिन कनाकिया, अर्चना पूरण सिंग, राकेश बेदी असे तिघं धमाल करणारे आणि मधे ही शांतपणे संसार सांभाळणारी. मला तर वाटतं ती मालिका कोकीमुळे तोलून राहिली, नाहीतर नुसता गोंधळ झाला असता. देवकीचा ठसका कोकीत नाही आणि कोकीचा साधेपणा देवकीत नाही. एकाच बाईने हे दोन्ही केलं.

आणि हीच बाई रंगभूमीवर 'पुरुष'मधली अंबिका, नाना पाटेकरसमोर. तिची आई मंदाकिनी भडभडे पण नाटकातल्याच. हिचं शिक्षण पुण्याला हुजूरपागेत, आणि नंतर बरीच वर्षं बँकेत नोकरी करत करत नाटक-सिनेमा. हे वाचलं तेव्हा मला फार जवळची वाटली ती, कारण मी पण 29 वर्षं बँकेत काढलीत. मार्चएंडला रात्री नऊला काउंटरची कॅश जुळवून घरी आल्यावर अंगात काय उरतं ते मला माहितीये. त्यातून तालमीला जायचं आणि ताजं दिसायचं!

18 मे 2017 ला ती गेली, साठी पण गाठली नव्हती, 'नामकरण' मालिका चालू होती. दुसऱ्या दिवशी जिकडे तिकडे एकच, पडद्यावरची आई गेली. सलमानची आई, संजय दत्तची आई. (संजय दत्त तिच्यापेक्षा एका वर्षाने लहान, तरी 'वास्तव'मध्ये ती त्याची आई होती आणि तो शेवट बघताना मी थिएटरात ढसाढसा रडलेय.) ते सगळं मान्य. पण कोकी आणि देवकी कोणी फारशी आठवलीच नाही याचं मला तेव्हा वाईट वाटलं, अजून वाटतं. रडवलेलं लोक मोठं काम म्हणून लक्षात ठेवतात आणि दर आठवड्याला अर्धा तास घरातली चार माणसं एकत्र हसवलेली विसरतात. आमच्या पंचवटीतल्या जुन्या घरात आई आणि मी दिवसभर एकमेकींशी धड बोललो नसलो तरी ही मालिका लागली की शेजारी शेजारी बसायचो, आणि हसताना पहिल्यांदा आईंनी माझ्या मांडीवर थाप मारली होती, लग्नाला तेव्हा वर्ष पण झालं नव्हतं.

आत्ता झोपायला जाताना आईंना माझा प्रवेश वाचून दाखवला, मशीन परत कानात घालायला लावून. सून डब्यातला शेवटचा लाडू पाहुण्यांना देते तो. त्या म्हणाल्या, "तू तिच्याकडे बघू नकोस. डब्यात बघ. झाकण लाव आणि मग बोल."

उद्या तालमीला घरातला स्टीलचा डबाच नेते, झाकण घट्ट बसतं तो.