हिरवा भारी का ध्रुव भारी

माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, दारव्हा तालुक्यात. जळलेली मोटर घेऊन माणूस येतो, कॉइल भरून वार्निश सुकेपर्यंत त्याला थांबावं लागतं. मग नजर फळीवरच्या जुन्या कॉमिक्सच्या गठ्ठ्यांकडे जाते. खाकी पुठ्ठे, सुतळीने शिवलेले. एखादा उघडून बघतो आणि ओळखीचं काही सापडल्यासारखा विचारतो, "भाऊ, तुम्ही कोणाकडून? नागराज का ध्रुव?" आता कॉलेजातली पोरंही विचारतात. त्यांना आयर्न मॅन आणि बॅटमॅनचीही भर घालायची असते. इतक्यांनी विचारलंत म्हणून एकदा नीट लिहितो.

दोघं हिंदी कॉमिक्सचे नायक. नागराजच्या अंगात साप आणि फुंकरीत विष, ध्रुवकडे नुसतं डोकं. मी ध्रुवकडून. पहिल्यापासून.

हा वाद आमच्याकडे वावरात रंगायचा, तोही रात्री. १९९० च्या आसपासची गोष्ट. ओलिताच्या मोटरीची लाईन, म्हणजे वीज, बहुतेक रात्रीच यायची. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला आम्ही दोघं-तिघं पोरं बॅटरी घेऊन जायचो. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवलं की तो भरेपर्यंत धुऱ्यावर बसायचं. सोबत आठ आणे रोजाने आणलेला अंक असायचा. बसस्टँडजवळच्या टपरीवर दोरीला टांगलेले असत. दिवसा वाचायचा, रात्री भांडायचं. अडचण एकच होती. अंधारात, ओल्या वावरात त्या जनावराचं नाव घ्यायचं नाही, अशी आजीची सक्त ताकीद. पायाखाली खरंच निघायचं ते. म्हणून रात्रीपुरता नागराजला आम्ही त्याच्या रंगावरून 'हिरवा' म्हणायचो. आजही माझ्या तोंडी हिरवाच येतो.

माझा दोस्त हिरव्याकडून. त्याचा बाप आमच्याच गावात सालदार होता, म्हणजे वर्षाच्या बोलीवर मालकाकडे राबणारा गडी.

"अबे, त्याच्या अंगातच भरले हायेत ते. एक फुंकर मारली का तुहा ध्रुव आडवा."

"थो फुंकर मारेपर्यंत ध्रुव तिथंच उभा राहीन का? वारा कोनीकडून हाय ते पाहीन, मंग उभा राहीन."

"वाराच नसला तं?"

यावर मी अडायचो. घरी जाऊन विचार करायचो आणि दुसऱ्या रात्री उत्तर घेऊन यायचो. खरं सांगतो, विज्ञानाच्या पुस्तकावर मी इतका विचार कधी केला नाही.

ध्रुवकडे अंगची अशी ताकद नाही. सर्कशीत वाढलेला पोरगा. पशुपक्ष्यांची भाषा कळते, मोटरसायकल हाणतो, पट्ट्यात स्टारलाइन नावाची दोरी असते, एवढंच. बाकी जे करायचं ते समोर पडलेल्या वस्तूंतून. कुठे विजेची तार, कुठे रसायन, कुठे नुसतं पाणी. म्हणजे लेखकाला आधी ती वस्तू चित्रात ठेवावी लागते. मी पानं मागे उलटून बघायचो आणि ती तिथे असायची. हिरव्याचं तसं नव्हतं. अडला की अंगातून नवीन शक्ती निघायची, जी मागच्या अंकात नव्हती. दोस्त टाळ्या वाजवायचा. मला फसवल्यासारखं वाटायचं. शक्ती कोणीही कितीही लिहू शकतो. दोन पात्रांतली ताकद मोजत बसणं म्हणूनच मला पटत नाही. ती लेखणीतून येते, तिथेच मोजायला पाहिजे. दोघं एका अंकात एकत्र आले तेव्हा आम्ही तो दोनदा भाड्याने आणला आणि निकाल लागला नाही म्हणून दोघंही चिडलो.

पण एका रात्री दोस्ताने असं काही सांगितलं की मी गप्प झालो. त्याला मी विचारलं होतं, एवढा का आवडतो तुले हिरवा? ताकदीसाठी? थो फावड्याने दांड फोडत होता. मान वर न करता म्हणाला, "ताकद बिकद नाई बे. त्याच्या डोक्यातली कॅप्सूल काढली ना त्या बाबानं, तवा मले लय बरं वाटलं."

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. नागराज १९८६ मध्ये आला तो नायक म्हणून नव्हे. प्रोफेसर नागमणी त्याला हत्यार म्हणून बनवतो, दहशतवाद्यांना भाड्याने द्यायला. डोक्यात कॅप्सूल बसवलेली, मालक सांगेल ते करायचं. बाबा गोरखनाथ ती काढतात आणि मग तो स्वतःचा होतो. गुढीपाडव्याला बापाचं साल ठरताना ज्या पोराने ओसरीत उभं राहून ऐकलं, त्याला त्या गोष्टीत काय दिसलं असेल? हिरव्याच्या बाजूने याहून मोठं बोलणं मी आजवर ऐकलेलं नाही. तरीही मी ध्रुवकडूनच आहे, पण त्या रात्रीपासून हिरव्याला हलका म्हणत नाही.

आणि त्याच्यामुळेच मला दुसरा प्रश्न लागला, हा कोणाचा? म्हणजे लिहिला कोणी, काढला कोणी?

भाड्याच्या अंकांना कव्हर नसायचं. बहुतेकदा पहिलं पानही गेलेलं, आणि नावं नेमकी त्याच पानावर. आम्ही चित्रावरून ओळखायला शिकलो. सुरुवातीच्या नागराजचे दंड, मान, अंगावरचे खवले एका विशिष्ट हाताचे होते. पुढे एक धड अंक मिळाला, त्यावर हिंदीत 'प्रताप मुलिक'. मला ते कोणी उत्तरेकडचे वाटले. बऱ्याच वर्षांनी कळलं, हे तर पुण्याचे मुळीक, अमर चित्र कथेची चित्रं काढणारे. दिल्लीहून निघणाऱ्या राज कॉमिक्सच्या हिंदी नायकाला अंग दिलं मराठी चित्रकाराने, शब्द परशुराम शर्मांचे. त्या दिवशी दोस्ताला सांगायला मी सायकल मारत त्याच्या गावी गेलो. थो म्हणाला, "मंग हिरवा आपला निघाला."

ध्रुव १९८७ चा. तो लिहिला अनुपम सिन्हांनी, काढलाही त्यांनीच. गोष्ट आणि चित्र एकाच डोक्यातून येत, म्हणून ती वस्तू मागच्या पानावर सापडायची. नागराजचे हात बदलत गेले आणि पुढे तोही सिन्हांकडेच आला. चाचा चौधरीचं मात्र लहान पोरालाही माहीत होतं, कारण नाव कव्हरवरच असायचं, प्राण.

पोरं अमेरिकेच्या नायकांवरून भांडतात तेव्हा मी त्यांना सुपरमॅनची गोष्ट सांगतो. १९३८ मध्ये जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी तो दिला आणि हक्कासकट १३० डॉलर घेतले. प्रकाशकाने त्यावर अमाप कमावलं. दोघांची नावं पुन्हा छापायला आणि पेन्शन द्यायला १९७५ साल उजाडलं. बॅटमॅनचं तर ऐकवत नाही. बिल फिंगरने त्याच्या गोष्टी लिहिल्या, त्याचं रूप घडवलं, पण छापून आलं फक्त बॉब केनचं नाव. फिंगर १९७४ मध्ये गेला, श्रेय मिळायला २०१५ उजाडलं. मेल्यावर ४१ वर्षांनी. हे सांगताना माझा आवाज चढतो, हे मला माहीत आहे. मोटर भरणाऱ्याचं नाव मोटरवर नसतं, ते ठीक. पण माणसाने डोक्यातून एक जिवंत माणूस काढून जगाला दिला, त्याचं नाव पुसायचं?

टपरी बंद झाली तेव्हा मालकाने उरलेले अंक मला रद्दीच्या भावात दिले. घरोघरी केबल आली होती, आठ आणे द्यायला कोणी येत नव्हतं. मी सिमेंटच्या पिशव्यांच्या कागदाचे पुठ्ठे घातले, दाभणाने शिवले. प्रत्येकावर अंकाचं नाव आणि त्याखाली तितक्याच मोठ्या अक्षरात लेखक आणि चित्रकार. जिथे पान गेलेलं होतं तिथे चित्र ताडून बघितलं, दोस्तालाही दाखवलं, दोघांचं एकमत झालं तरच लिहिलं.

दोन अंकांवर ती जागा कोरी आहे. दोन्ही हिरव्याचे. चित्र मुळीकांचं नाही एवढं आम्हाला नक्की कळतं, पुढे मतं फुटतात. तुमच्याकडे माळ्यावर, पेटीत जुने नागराज असतील, पहिल्या पानासकट, तर मोटर बिघडायची वाट पाहू नका. घेऊन या. दुकान रात्री नऊपर्यंत उघडं असतं, ओलिताच्या दिवसांत त्याहून उशिरापर्यंत.