काडीची मान

जुन्या बाजारात मी गेलो होतो पितळी कडीकोयंडा शोधायला. आलो तो बिस्किटांचा गंजका पत्र्याचा डबा घेऊन, आत खेळण्यातले सतरा शिपाई. धड म्हणावेत असे चार. बाकी कुणाचा हात गेलेला, कुणाची बंदूक, आणि सहा जणांचं चक्क शिर धडावेगळं. त्यातली तीन मुंडकी डब्याच्या तळाशी गडगडत होती. "पोरांना देऊ नका हां, शिसं आहे," विकणारे काका म्हणाले, आणि "माल विलायती आहे" म्हणून शंभर रुपये जास्त लावले.

विलायती खरंच होता. घोड्याच्या पोटाखाली लंडनच्या 'ब्रिटन्स' या खेळणीवाल्या घराण्याचं नाव उमटलेलं सापडलं. जर्मनीचे भरीव शिपाई जड आणि महाग, म्हणून १८९३ साली या घराण्यातल्या धाकट्या विल्यम ब्रिटनने पोकळ शिपाई ओतायची युक्ती काढली. साच्यात वितळलेलं शिसं ओतायचं, कडेकडेचं थिजलं की साचा उपडा करून मधलं परत भांड्यात. मागे राहतं ते टरफल. आपल्याकडे शहाळ्यातलं पाणी काढून घेतल्यावर राहतं ना, तसं. धातू वाचला, वजन घटलं, आणि ५४ मिलिमीटर उंचीचा, माझ्या करंगळीएवढा शिपाई मध्यमवर्गीय पोरांच्या आवाक्यात आला. शिशाची खेळणी १९६६च्या सुमारास बंद होईपर्यंत या पलटणी निघत राहिल्या.

पण टरफलच ते. मान म्हणजे सगळ्यात बारीक जागा. गालिच्यावरच्या लढाईत शिपाई आपटला की तिथेच तुटणार. चौथीच्या इतिहासात शिर उडाल्यावरही मुरारबाजीचं धड लढत राहिलं असं ऐकलं होतं. माझ्या डब्यातली धडंही खांद्यावर बंदूक घेऊन, डावा पाय पुढे टाकून संचलन करतच होती.

पहिला प्रयोग धातूचा डाग देऊन जोडण्याचा. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मामाची जुनी इस्त्री, म्हणजे सोल्डरिंगची, माळ्यावरून काढली. शिसं ३२७ अंशांना वितळतं आणि इस्त्री त्याहून तापते, हा हिशोब मी करायला हवा होता. केला नाही. एका शिपायाच्या घोट्याला टोक टेकवलं आणि बुटासकट पाऊल चकचकीत थेंब होऊन वर्तमानपत्रावर पडलं. युद्धात न गेलेला पाय माझ्या टेबलावर गेला.

मग जाणत्यांची रीत धरली. मान पोकळ, डोकंही पोकळ. दोन्हीत बसेल अशी आगकाडी तासायची, गुलाचं टोक काढून टाकायचं, आणि ॲराल्डाइट लावून डोकं किंचित डावीकडे फिरवून बसवायचं. किंचित फिरवलं नाही तर शिपाई जन्मभर नाकासमोर बघत बसतो, भाडेकरूशी भांडण झालेल्या मालकासारखा.

तिसऱ्या शिपायाचं डोकं जागेवर होतं, पण हलत होतं. जरा ओढलं तर निघून आलं. आत काडी! काळवंडलेली, सरसाचा पिवळा थर चढलेली, एका बाजूने चाकूने छिललेली. म्हणजे माझ्या आधी कुणीतरी, कुठल्या देशात, कुठल्या दिव्याखाली कोण जाणे, अगदी हेच करत बसलं होतं. मला एकदम कुणीतरी खांद्यावरून डोकावतंय असं वाटलं. ती काडी बदलायची नाही, तिच्यावरच नवा गोंद.

याच शिपायाचा डगला निळा आहे. मूळचा लाल, तो काखेत दिसतो. कारखान्यात बायका बसून हे चेहरे रंगवत, डोळ्याला काळा ठिपका, मिशीला एक फराटा. निळा रंग मात्र पोराचा, बोटावरून ओघळलेला. संग्राहकांचं म्हणणं, जुन्या शिपायाला नवा रंग दिला की किंमत उतरते, मूळ रंगाचे पोपडे परवडले. आमच्याकडे उलटं. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे दरवर्षी नव्याने रंगतात, बिनहाताच्या मावळ्याला काडीपेटीतूनच भाला मिळतो, आणि कुणी म्हणत नाही की मूळ रंग गेला. मी दोन्ही घरचा पाहुणा. बिनरंगी झालेल्या आठ जणांना लाल इनॅमल दिलं, निळ्याला हात लावला नाही.

त्या आठांत एका पायाचाही होता. पाय पुट्टीचा, रंगाखाली दिसत नाही.

लेकीने परवा निळ्याला उचललं (साबणाने हात धुवायच्या बोलीवर) आणि विचारलं, "बाबा, हा कुणाच्या बाजूचा?" म्हटलं, टोपीकर आहे, आपला नव्हे. तिने त्याची मान जरा हलवून पाहिली. "मग याला दिवाळीत किल्ल्याच्या खाली ठेवू, तहाला आलाय म्हणून," म्हणाली, आणि डब्यात बाकीच्यांपासून वेगळं, कापसावर आडवं केलं.