सुट्टी नाही, पण अनुदानाची अट आहे: अमेरिकेतला १७ सप्टेंबर

१७८७ साली १७ सप्टेंबरला फिलाडेल्फियात ३९ प्रतिनिधींनी अमेरिकेच्या संविधानावर सह्या केल्या. (आपल्याकडे मराठवाड्यात ही तारीख मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाठ असते.) तिथे या दिवशी सुट्टी नसते, शाळा-कॉलेजं नेहमीसारखी भरतात. तरीही हा दिवस पाळणं केंद्राच्या पैशाशी बांधलेलं आहे.

वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर रॉबर्ट बर्ड संविधानाची छोटी प्रत कायम खिशात ठेवत. डिसेंबर २००४ मध्ये मंजूर झालेल्या खर्चाच्या अवाढव्य विधेयकात त्यांनी एक छोटं कलम घालून घेतलं: ज्या शिक्षणसंस्थेला त्या आर्थिक वर्षात केंद्राचा निधी मिळतो, तिने १७ सप्टेंबरला आपल्या विद्यार्थ्यांसाठी संविधानावर शैक्षणिक कार्यक्रम घ्यायचा. मे २००५ मध्ये शिक्षण खात्याने खुलासा केला, की तारीख शनिवारी, रविवारी किंवा सुट्टीला आली तर आधीच्या किंवा नंतरच्या आठवड्यात घेतलं तरी चालेल. २०२२ ला शनिवार होता, २०२३ ला रविवार. आता २०२८ ला पुन्हा रविवार आहे. खाजगी कॉलेजही सुटत नाही, विद्यार्थ्यांना केंद्राची आर्थिक मदत मिळत असेल तर ते यात येतंच.

घोळ होतो तो पुढे. कार्यक्रम किती वेळाचा, कसा, हे कलमात नाही. अहवाल मागितलेला नाही, न घेतल्यास किती पैसे कापणार तेही नाही. मग लायब्ररीच्या दारात टेबल मांडून त्यावर छोट्या प्रतींचा ढीग ठेवला जातो, नाहीतर सगळ्यांना एक लिंक मेल केली जाते. माझ्या मते हे चूक आहे. 'विद्यार्थ्यांसाठी शैक्षणिक कार्यक्रम' म्हणजे कुणीतरी काहीतरी वाचायला आणि बोलायला हवं.

वर्गात ४५ मिनिटं पुरतात. संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदाच्या आठव्या विभागाचा पहिला खंड मोठ्याने वाचून घ्या. कर गोळा करून लोककल्याणासाठी खर्च करण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, देणारा हा खंड, आणि अनुदानाला अट लावण्याची ताकद त्यातूनच येते. मग १९८७ चा साउथ डकोटा विरुद्ध डोल हा निकाल घ्या. दारू पिण्याचं वय २१ न करणाऱ्या राज्यांचा महामार्ग निधी ५ टक्क्यांनी कापणं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवलं. मात्र अट संदिग्ध नको, लोककल्याणासाठी हवी, निधीच्या हेतूशी तिचा संबंध हवा, असंही बजावलं. आता मुलांना विचारा: १७ सप्टेंबरची अट या कसोट्यांवर उतरते का? इथे वर्ग जागा होतो, कारण प्रश्न त्यांच्याच शाळेच्या पैशाचा असतो.

तास संपला की तारीख, हजेरी आणि वाचलेला उतारा एका कागदावर लिहून फायलीत ठेवा. उद्या लेखापरीक्षणात कुणी विचारलंच, तर दाखवायला तोच कागद लागेल.